साहेबाच्या उशाला

५ जानेवारी, सोमवार

स्कूटर पुन्हा रुसली. कुळगाव सोडून नदीकडच्या कच्च्या वाटेला लागले आणि मागचं चाक बसलं. ढकलत माळावर पोचले तर जेसीबीवाला निवांत चहा पितोय. त्याला काय! आम्ही हाडं उचलेपर्यंत त्याची सुट्टीच. इथे टॉवर उभे राहणार आहेत. पाया खणायला सुरुवात केली तर थडग्याची शिळा लागली, काम थांबलं, आणि आमची वरात निघाली. वरात म्हणजे मी. सर पुण्याच्या पुरातत्त्व संस्थेत बसून फोन करतात.

आजचा फोन : "वैशाली, फेब्रुवारीच्या मध्याला आवरायचं बरं का. बिल्डर भला माणूस आहे, पण किती दिवस थांबेल बिचारा?" बिचारा!

थडगी गोऱ्यांची. कंपनी सरकारचं इथे नुकतंच बस्तान बसत होतं तेव्हाची, रेल्वेच्या कितीतरी आधीची. नदीकाठी छोटं ठाणं असावं, तापाने माणसं पटापट गेली असावीत. गावाला त्याचं सोयरसुतक नाही. गावाच्या लेखी हा साहेबाचा माळ, आणि मधल्या मोठ्या थडग्यात साहेबबाबा. राखणदार आहे म्हणे. बंदूक घेऊन फिरतो. बिडी ओढतो.

८ जानेवारी, गुरुवार

आईचा हातातला आरसा पळवून नेला. तुटक्या शिळेवर आडवा उजेड पाडला आणि अक्षरं वर आली. नावाचा तुकडा गेलाय, कायमचाच. उरलंय ते एवढंच : कुणाची तरी प्रिय पत्नी, आणि खाली, "आणि त्यांचं तान्हं मूल."

म्हणजे साहेबाशेजारचं थडगं बाईचं. आणि एक बाळ आहे. इथेच कुठेतरी.

कंपनीच्या त्या काळातली लहान मुलांची दफनं आपल्याकडे नीट अभ्यासलीयेत कुणी? मला तरी माहीत नाही. सरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. एवढ्या पटकन ते माझ्या पगाराबद्दल कधी बोलले नाहीत.

घरी आल्यावर आई : "माझा आरसा कुठाय?" त्यावर चिखल. बोलणी खाल्ली.

९ जानेवारी, शुक्रवार

माणसं दगडू पुरवतो. चाळिशीचा, हसतमुख, दोन फोन, तीन ट्रक. माळ त्यांचाच होता, बिल्डरला दिला, आता त्याच बिल्डरची माती वाहतो. त्याची आई, ठमाबाई, दिवसभर करंजाच्या सावलीत बसून आमच्याकडे बघत असते. सत्तरीच्या पुढची, हाडकुळी, नजर मात्र घारीची. मी ब्रश उचलला की तिची मान लांब होते.

दगडू म्हणाला, "लक्ष देऊ नका मॅडम. आईला साहेबाचं वेड आहे. आम्ही लहान होतो तेव्हापासून."

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. ठमाबाईने तिळगूळ दिला, स्वतः केलेला, दगडासारखा घट्ट. दाढ हलली असेल माझी.

"तुला भ्या नाय वाटत गो? मेलेल्यांच्यात बसतंस ती?"

म्हटलं, "मेलेले बरे. जिवंत माणसं जास्त त्रास देतात."

खूप हसली. मग म्हणाली, "त्यांना वर काढल्याव कुठं ठेवतंस?"

सांगितलं, पुण्याला नेणार, नीट कपाटात ठेवणार. तिने मान हलवली. पटलं असं नाही वाटलं.

१८ जानेवारी, रविवार. अमावास्या

रविवार असूनही गेले, गुडघा मरणाचा दुखत असताना. दफन एक, म्हणजे साहेब, पूर्ण उघडा झाला. हाडं वाईट अवस्थेत, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. बांबूच्या काडीने माती काढायची आणि श्वास रोखून धरायचा.

दुपारी ठमाबाई ताट घेऊन आली. दर अमावास्येला येते म्हणे. उकडलेलं अंडं, बिडी, आणि डबीत थोडं दूध. अंडं नि बिडी साहेबाच्या छातीशी ठेवली. दूध मात्र वर, डोक्याच्या बाजूला, जमिनीवर हळूच ओतलं.

संध्याकाळी आईला सांगितलं, "अंडं समजू शकते, इंग्रज आहे. दूध कशाला? चहाला?" दोघी हसलो.

२१ जानेवारी, बुधवार

सापडलं.

साहेबाच्या डोक्याच्या वरच्या अंगाला, बाईच्या थडग्यापासून हातभर अंतरावर. इतकं लहान की पहिल्यांदा पक्ष्याची हाडं वाटली. मग कवटीचे तुकडे दिसले, पापडासारखे. कुशीवर, पाय पोटाशी घेतलेले. तीन-चार महिन्यांचं असावं. दात हिरडीच्या आतच, एकही उगवलेला नाही. दफन पाच.

आणि मनगटापाशी काळे मणी! काचेचे, बारीक. दोरा कधीच कुजला, पण मणी ओळीने पडलेले, मनगट जसं होतं तसे. सरांना फोन लावायला धडपडत उठले. थर्मासमधला चहा सांडला.

गोऱ्या बाळाच्या हातात दृष्टीचे मणी. कुणी बांधले? आयाने! इथलीच कुणीतरी बाई, साहेबाच्या घरी मूल सांभाळणारी. मडमेचा डोळा चुकवून बांधले असतील. किंवा मडमेनेच बांधू दिले असतील, ताप हटत नाही म्हटल्यावर कोण नाही म्हणतं? आई ती आईच. बाळाला पुरताना कुणी काढले नाहीत ते मणी.

यावर एक निबंध नाही, पुस्तक होईल. सर म्हणाले, "वैशाली, हे तुझं आयुष्यभराचं काम आहे." रडू आलं. काय सांगू, खरंच आलं.

२२ जानेवारी, गुरुवार

खोकी आणायला उल्हासनगरला. माळावर कुलूपबंद खोली नाही, त्यामुळे पुण्याची गाडी येईपर्यंत सगळी दफनं आमच्या बाल्कनीच्या खोलीत राहणार. आईची एकच अट, देवघराच्या भिंतीला लागून नको.

मोठ्यांसाठी साडीची खोकी घेतली, नेहमीसारखी. पुठ्ठा चांगला असतो. पाचव्यासाठी छोटं मागितलं. सिंधी दुकानदाराने निळ्या झाकणाचं काढलं. "ये बेबी सेट का है मॅडम. झबला, टोपी, मोजे, सब आ जाता है. घर में छोटा मेहमान आया क्या?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्याने वर रिबन फुकट दिली. "बधाई हो, साईं."

२३ जानेवारी, शुक्रवार

बाळ उचललं. दिवसभर लागला. कापूस, मऊ कागद, एकेक हाड. मणी वेगळ्या डबीत घालून त्याच खोक्यात.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना मोबाईलवर मण्यांचा फोटो दाखवला. मी हवेतच होते. आयाची सगळी गोष्ट सांगितली, हातवारे करून. माती चाळणाऱ्या, चाळणीवरच्या बायका, "अगो बाई, मडमेच्या पोरालापन दृष्ट लागते?" म्हणून हसल्या. ठमाबाईने फोन हातात घेतला. बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, आजी, बोट फिरवलंत की मोठं दिसतं. तिने बोट लावलं नाही. फोन परत दिला नि पदर सावरून घरी गेली. जेवलीही नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

करंजाखाली कोणी नाही. कालही नव्हतं. दगडू म्हणतो, "आईचं अंग दुखतंय." जागा रिकामी रिकामी वाटते. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे याचीही सवय होते.

२९ जानेवारी, गुरुवार

आज ठमाबाई आली. सगळे जेवायला गेल्यावर, मी एकटी असताना. बसली नाही. उभ्यानेच म्हणाली,

"बाय, ती पोर मडमेची नाय. माजी हाय."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं, तुटक तुटक, माझ्याकडे न बघता. दगडूच्या आधीची. मुलगी. "झाडागत हसायची," म्हणाली. झाड कसं हसतं ते विचारलं नाही. दोन दिवस ताप आला आणि गेली. नवरा पुरून आला. हिला उठूही दिलं नाही, "बायकांनी जायचं नसतं." परत आल्यावर त्याने एवढंच सांगितलं, साहेबाच्या उशाला ठेवलीय.

"कोल्ही उकरतात गो लहान पोरांना. साहेबाजवल दगड हायत, साहेब राखन करतो. गावातली समदीच तिथं ठेवायची."

"म्हणजे दूध..."

"तिला. अंडं साहेबाला. राखनदाराला नको द्यायला?"

सासूने बजावलं होतं, घरात पुन्हा नाव काढायचं नाही. काढलं नाही. पहिलीचं नाव चांगलं ठेवलं म्हणून नजरेत आली, म्हणून पुढच्याचं नाव दगडू ठेवलं. दगडूला काही माहीत नाही.

"मनी मीच बांधलेलं," म्हणाली आणि गेली.

३० जानेवारी, शुक्रवार

मला राग आलाय. लिहूनच ठेवते. म्हातारीचा राग आलाय. आधी का नाही बोललीस बाई? आयुष्यात एकदा काहीतरी हाताला लागलं होतं.

मग माझाच. आईला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "दात आले नव्हते ना? मग अग्नी देतात का कुणी? तान्हं मूल पुरतातच आपल्यात. तुला माहीत नाही?"

माहीत आहे की! अंबरनाथलाच वाढले मी. दफन पाचच्या नोंदीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, दात हिरडीच्या आत. खाली दोन रेघा मारून. पण गोऱ्यांचं थडगं म्हटल्यावर डोळ्यांपुढे मडम आली, आया आली, आपलं माणूस आलंच नाही. लहान हाडं मोठ्यांच्या आधी विरतात, आणि हे बाळ साहेबापेक्षा धड. त्याचंही उत्तर माझ्यापाशी तयार होतं, शेजारच्या थडग्याच्या चुन्यामुळे असेल. शहाणी!

पण मडमेचं बाळही खरंच आहे. शिळेवर लिहिलंय. तेही आईजवळच पुरलं असणार, आणि हे आईपासून हातभरच आहे. मण्यांवरून काही सांगता येत नाही, तसले काळे मणी तेव्हाही बाजारात होते, परवाही होते. खड्डा कुठल्या थरातून खणला ते कळलं असतं तर प्रश्नच मिटला असता. पण वरचा थर आम्ही यायच्या आधीच जेसीबीने ओढून नेला.

कुणाचं आहे, मला सांगता येत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. वाटलं चिडतील. चिडले नाहीत. आधी सगळं नोंदवून घेतलं. मग म्हणाले, "त्या बाईंचं नाव काय?" मी सांगितलं. "ठमाबाईंचं असेल तर मी स्वतः येऊन त्यांच्या ओटीत देईन. पण असेल तर. नुसत्या शब्दावर एकाचं मूल दुसऱ्याला कसं देऊ? परवानगीत बसत नाही, आणि मनालाही पटत नाही."

डीएनएचा उपयोग नाही. अशाच दफनांचे नमुने सरांनी आधी तपासलेत, आपल्या ओल्या मातीत काही उरत नाही. राहतो कार्बन. त्यात जुनं की आताच्या काळातलं, एवढं तरी नक्की कळेल. मांडीचं हाड लागेल, जवळजवळ निम्मं. धुऊन, पूड करून, भट्टीत घालून त्याचा वायू करतात.

"विचार त्यांना," सर म्हणाले. "त्या हो म्हणाल्या तरच."

सर चांगले आहेत. चांगल्या माणसांवर ओरडताही येत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ठमाबाईकडे गेले. ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. मीही मूठभर पुढे ओढल्या. कसं सुरू करावं कळेना. शेवटी तीच म्हणाली,

"कलतं का गो? तुमच्या मशिनीला?"

"कळतं. तुमच्या वेळची की साहेबाच्या वेळची, एवढं नक्की कळतं."

"मंग कर की. इचारतंस कशाला?"

"थोडं हाड घ्यावं लागतं. त्याची पूड करून भट्टीत..."

शेंग सोलायची थांबली. "जालनार?"

"थोडंसंच. अगदी नखाएवढं." खोटं बोलले. निम्मं जाणार आहे.

"दात नव्हतं आलं गो तिला," ठमाबाई म्हणाली.

आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी माझ्या वाटच्या शेंगा सोलत राहिले, नीट, एकही दाणा न सांडता, जणू त्यासाठीच आले होते.

निघताना पायरीपर्यंत आली. "समज, मडमेची निंगाली. मंग माजी कुठं हाय?"

मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. मला, हाडांच्या बाईला. ही तिची नसेल, तर तिची वरच्या मातीत होती. आणि ती माती गेली.

"बघू," म्हणाले. डॉक्टर म्हणतात तसं. शरम वाटली.

९ फेब्रुवारी, सोमवार

माळावरचं काम संपलं. शेवटचं दफन उचललं. दगडू आला. आज दोन्ही फोन खिशात. मॅडम म्हणाला नाही.

"ताई, मला बहीण होती. आणि ते मला जेसीबीवाला सांगतो. त्याला चाळणीवरच्या बायांनी सांगितलं, तुम्ही नि आई ओटीवर बोलत होतात ते एकीने ऐकलं. माझ्या घरात मला कुणी सांगितलं नाही."

चहा मागवला. त्याने घेतला नाही.

"तुम्ही ती टेस्ट करून टाका. आईला नका सांगू. जुनी माणसं आहेत, आग म्हटलं की घाबरतात. मला कळायला पाहिजे."

म्हटलं, "दगडू, आपली नाही निघाली तर?"

"मग नाही निघाली." मग माळाकडे हात केला. "वरची माती माझ्याच ट्रकांनी गेली ताई. शहाडला. कुठल्या प्लॉटवर भराव टाकला तेपण माहितीय मला. वर काँक्रीट झालंय. रोज तिथून जातो मी."

पाठीवर हात ठेवला.

"तरी करा," म्हणाला. "बायपास मारून जाता येतं, पण माहीत नसलेल्या जागेला कसा बायपास मारणार?"

१० फेब्रुवारी, मंगळवार

आई नको म्हणते. भाऊ कर म्हणतो. आणि बहीण आमच्या बाल्कनीच्या खोलीत, निळ्या झाकणाच्या खोक्यात. ती त्यांची आहे की नाही हे मात्र कुणालाच माहीत नाही.

आमच्या आईने आज त्या खोलीत केर काढताना खोकं हळूच भिंतीकडे सरकवलं. "वारा लागतो तिथे," म्हणाली. मग स्वतःवरच चिडली. "मला कशाला सांगितलंस गं तू सगळं? साडीच्या खोक्यातल्यांचं मला काही वाटत नव्हतं."

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. आईच्या हट्टाखातर शिवमंदिरात. पहाटेपासून रांग, सगळं अंबरनाथ पूर्व रस्त्यावर, रिक्षा बंद. आमच्या पुढे कॉलेजची पोरं, "अरे धक्का मत मार ना, काकू पडतील." प्रत्येकाच्या हातात दुधाची पिशवी.

एरवी मी या दुधाला नावं ठेवते. दरवर्षी. एवढं दूध पोरांना दिलं असतं तर, वगैरे. आज गप्प होते. आईने पिशवीचा कोपरा दातांनी फाडला, अर्धं तिने घातलं, अर्धं मला घालायला लावलं. घातलं.

दर्शन घेऊन परतताना आई : "काय मागितलंस?"

"काही नाही."

"खोटारडी," म्हणाली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सरांचा फोन. गाडी परवा सकाळी. पाचव्याचा नमुना वेगळा काढून ठेवायचा असेल तर उद्यापर्यंत ठरव. "भाऊ हो म्हणतोय ना? तोही वारसच."

"आई नाही म्हणतेय."

"तुझं काय मत?"

माझं मत! मला जाणून घ्यायचंय, हे माझं मत. पोटातून वाटतंय. आयाचा निबंध अजून डोक्यातून गेलेला नाही, हेही लिहून ठेवते, स्वतःपासून काय लपवायचं? मडमेचं निघालं तर मला पुस्तक मिळेल. आणि ठमाबाईला शहाडचं काँक्रीट.

"उद्या सांगते," म्हटलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. अमावास्या

खोकी हॉलमध्ये लावून ठेवली. दुपारी बेल वाजली. दारात दगडू आणि ठमाबाई. नवं लुगडं नेसून, रिक्षाने कुळगावहून, तीन जिने चढून. आईने पाणी दिलं, चहा दिला. दोघी म्हाताऱ्या गुडघ्यांवर बोलल्या, कुठलं तेल, कुठला डॉक्टर. दोघींचंही एका गोष्टीवर एकमत झालं, डॉक्टरांना काही कळत नाही.

मग ठमाबाई म्हणाली, "दाव."

निळ्या झाकणाचं खोकं तिच्या मांडीवर ठेवलं. रिबन अजून तशीच. उघडू का विचारलं. नको म्हणाली. झाकणावर नुसता हात ठेवला. केवढंसं ते खोकं, हाताखाली जवळजवळ झाकलंच गेलं.

थोड्या वेळाने तिची मांडी हलायला लागली. हळूहळू, वरखाली. तिला कळतही नव्हतं. आई उठून स्वयंपाकघरात गेली. दगडू बाल्कनीत जाऊन पाठ करून उभा राहिला. ठमाबाईने एकदा, अगदी खाली बघून, मुलीचं नाव घेतलं. मी ऐकलं. इथे लिहीत नाही, तिचं आहे ते.

निघायच्या वेळी पिशवीतून डबी काढली. दर अमावास्येची तीच दुधाची डबी.

"मालाव आता वतायला जागा नाय. समदं लेव्हल केलंन. उद्या गाडीत ठिवायच्या आधी झाकन काढ नि दे तिला थोडं. तू दे. आन ठिवताना साहेबाच्या उशाला ठिव."

बरं म्हटलं.

"पुण्याच्या कपाटातपन उशालाच ठिवायला सांग त्यांना."

बरं म्हटलं.

तपासणीचं तिने काही विचारलं नाही. मीही काढलं नाही.

तिला रिक्षात बसवून दगडू परत वर आला, चप्पल विसरल्याचं निमित्त करून. चप्पल पायातच होती. जिन्यातच विचारलं, "ताई, दूध घातल्यावर टेस्ट होते का?"

"नाही. मातीवर ओतलेलं वरच जिरतं, पण हाडाला थेट दूध लागलं की नमुना खराब. मग प्रयोगशाळा घेत नाही."

"कधीच नाही?"

"त्या हाडाची नाही. आणि सगळ्यांनाच लागेल, हाडं ती केवढीशी."

तो उभाच राहिला, कठड्याला धरून. मला वाटलं आता म्हणेल, घालू नका. किंवा म्हणेल, घाला. खालून रिक्षावाल्याने हॉर्न मारला.

"आईला माहीत असेल का हो हे?" एवढंच म्हणाला आणि उतरून गेला.

माहीत नाही. कसं असेल? पण तिची ती नजर.

सरांचे दोन मिस्ड कॉल. डबी फ्रीजमध्ये ठेवलीय, दाराच्या कप्प्यात. आत्ताच आई स्वयंपाकघरातून ओरडली, "वैशाली, हे डबीतलं दूध कुणाचं गं? विरजण लावू का?"

म्हटलं, "राहू दे. तसंच राहू दे."